ब्लूमेनाउमध्ये दोन खोल्या

फिलूबाय, ब्लूमेनाउहून मेसेज आलाय. इंगे विचारतेय, डोना फिलोमेनाचा, म्हणजे तुझा, गुडघा आता कसा आहे, वरच्या मजल्यावरचीच खोली हवी ना, आणि दोन्ही खोल्या पक्क्या करू ना. शेवटी एक फूल लावलंय.

तिला कुणी सांगितलेलंच नाही. कळवायचं काम माझ्याकडे होतं. तू गेल्यावर पहिल्या दुपारी मी यादी केली होती: वसईची माणसं, पॅरिशमधली, वेअरहाउसमधल्या तुझ्या मैत्रिणी, बँक, पेन्शनचं ऑफिस, लायब्ररी. एकेकाला फोन केला आणि खूण केली. ब्राझीलमधल्या एका लहानशा हॉटेलच्या मालकिणीलाही कळवायला हवं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि दोन खोल्या? मी तर एकच सांगितली होती.

उत्तर न देता मी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि बाहेर जाऊन ड्राइव्हवे शोव्हल केला. मार्चमधला ओला, जड बर्फ होता. तू असतीस तर खिडकीतून ओरडली असतीस, 'अगो, उद्या आपोआप वितळेल, कंबर कशाला मोडून घेतेस!' नाही वितळला, हे सांगायला हवं.

तुझ्या अंत्यविधीच्या मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी पिताना कितीतरी जणांनी मला विचारलं, 'ते ब्राझीलचं काय होतं हो?' म्हणजे तू सगळीकडे सांगून ठेवलं होतंस. मी थोडक्यात सांगितलं. टोरोंटोजवळ आपल्या वॉनमधल्या ज्या वेअरहाउसमध्ये तू माल उतरवून घ्यायचीस, तिथे टॉवेलांची खोकी यायची, आणि त्यातल्या बऱ्याच खोक्यांवर ब्लूमेनाउ या एकाच गावाचं नाव असायचं. फार पूर्वी जर्मन लोकांनी वसवलेलं गाव, लाकडी चौकटींची घरं, मधून नदी. लोकांनी माना डोलावल्या, पण कुणाच्या गळी उतरलं नाही. टॉवेलांपायी कोण विमानात बसतं?

तू मला ती घडी दाखवली होतीस म्हणून मला पटलं होतं. लाँड्रीची बास्केट पुढ्यात ओढून तू एक टॉवेल घेतलास. 'हे बघ रोझी, बाकीच्या सगळ्या अशी घालतात. ही एक बाई आहे ना, ती आधी कोपरा आत घेते आणि मग वरून हात फिरवते. खोकं उघडलं की मला कळतं, आज हिची पाळी होती.'

'बाई कशावरून? मशीन असेल.'

'मशीनला कोपऱ्याची काळजी नसते.'

कधीकधी कितीतरी दिवस ती घडी यायची नाही आणि तू बेचैन व्हायचीस. एकदा तुझा धाकटा भाऊ, आमचा बेन, सहज म्हणाला, 'बाय, रिटायर झाली असेल ती.' त्या दिवशी तुझ्या ताटातली मच्छी तशीच राहिली. पुढे तूच रिटायर झालीस. पार्टीत सगळ्यांनी विचारलं, आता काय करणार? केक कापता कापता तू सांगितलंस, 'टॉवेलवालीचं गाव बघून येणार.' सगळे हसले. बेनही हसला. घरी येताना गाडीत मी विचारलं, 'खरंच?' तू म्हणालीस, 'खरंच. पण स्वस्तात. आणि तू बरोबर हवीस. विमानतळावरच्या त्या मशिनी मला जमत नाहीत.'

मला काम मिळालं की माझा जीव सुखात असतो, हे तुला माहीत होतं. शनिवारपर्यंत माझा तक्ता तयार होता. टोरोंटोहून साओ पाउलो, तिथून लहान विमानाने किनाऱ्यापर्यंत, मग बस. ऑक्टोबरमध्ये तिथे बिअरचा मोठा उत्सव असतो, हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात, तेव्हा ऑक्टोबर नको. मेमध्ये जाऊ. तिकडे थंडीची सुरुवात, गर्दी नाही, दर उतरलेले. हॉटेलांपुढे मी रकाने आखले: बस स्टँडपासून किती लांब, नाश्ता धरून की वेगळा, लिफ्ट, हीटर, नदीला पूर आला तर पाणी कुठवर येतं, आणि फुकटात रद्द करायची मुदत. या शेवटच्या रकान्याशिवाय मी आयुष्यात काही बुक केलेलं नाही.

मला बस स्टँडजवळचं नवं हॉटेल पसंत होतं. लिफ्ट, हीटर, सगळं. तू माझा तक्ता बाजूला सारलास आणि फोटो बघत बसलीस. चष्मा कपाळावर, टॅबलेट नाकाशी. 'ही चादर नुसती टाकलीय. ही बरी आहे, पण उशीचा अभ्रा दुसऱ्याच सेटमधला. ही बघ. ही बाई स्वतः बिछाना घालते.' ते इंगेचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर दोन. लिफ्ट नाही, हीटर नाही, अंघोळीला विजेचा शॉवर.

'हीटर नाही, बाय.'

'वॉनमध्ये इतक्या विंटर काढलेल्या बाईला तू ब्राझीलची थंडी सांगतेस?'

'जिना आहे. तुझा गुडघा.'

'गुडघा माझा आहे. तक्ता तुझा आहे.'

मग मी शेवटचा मुद्दा काढला. मी वाचलं होतं की गावातली ती लाकडी चौकटींची घरं सगळीच काही जुनी नाहीत, बरीचशी टुरिस्टांसाठी अलीकडे तशी सजवलेली आहेत. म्हटलं, 'नकली बघायला इतक्या लांब जायचं?' तू चष्मा खाली घेतलास. 'आणि आपण काय गो? नाव परेरा, भाषा मराठी, पत्ता वॉन. आपल्याला कोणी नकली म्हणालं तर तू त्याला सोडशील?'

इंगेचंच बुक केलं.

आणि आपल्या नावाने घोटाळा केलाच. फिलोमिना परेरा आणि रोझलिन परेरा! इंगेला वाटलं, टोरोंटोला गेलेल्या ब्राझीलच्याच बायका घरी यायला निघाल्यात. तिने पोर्तुगीजमध्ये लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. आपल्याला ओ की ठो कळेना. मी निकोलला हाक मारली, फोनवर ट्रान्सलेट कर म्हणून. पण तू कान लावून बसलीस आणि म्हणालीस, 'थांब, पुन्हा लाव. ती चावीचं काहीतरी म्हणतेय.' मग तुला चेवच चढला. लहानपणी वसईत फादरांनी सांगितलं होतं, आपल्या घरातले कितीतरी शब्द पोर्तुगीज लोक मागे ठेवून गेलेत. तू बटण दाबून सरळ रेकॉर्ड केलंस: 'इंगेबाय, आम्हाला जास्त काय नको. चावी, तुवाल, साबण, पाव. बस!' मी कपाळाला हात लावला. तिकडून आधी नुसतं हसू आलं, बराच वेळ, आणि मग तिने एकेक शब्द तिच्या पद्धतीने म्हणून दाखवला, शाळेतल्या बाईंसारखा. तू दिवसभर तो मेसेज लावत होतीस. निकोल म्हणाली, 'आत्या हॅज अ बेस्ट फ्रेंड नाऊ.' तू म्हणालीस, 'मग? तुझ्या आईसारखे रकाने मारत बसू?'

त्यानंतर तुमचं चालूच असायचं, मला माहीत होतं. मी लक्ष घातलं नाही. मी व्हिसात गुंतले होते. फार्मसीत फोटो काढायला गेलो तर तू हसलीस. बाई म्हणाली, हसायचं नाही. पुन्हा हसलीस. तिसऱ्यांदा मी मागे उभी राहून डोळे वटारले तेव्हा कुठे चालण्यासारखा फोटो आला. हसरे फोटो मी उगीच वाया जाऊ नयेत म्हणून घरी आणले होते. तुझ्या मिस्सेच्या कार्डावर त्यातलाच एक छापलाय. सगळे म्हणाले, किती छान फोटो, कुठे काढला? मी सांगितलं, व्हिसासाठी. कुणाला खरं वाटलं नाही.

आपलं भांडण झालं ते त्यानंतर. भांडण म्हणजे तुझं-माझं नेहमीचंच. मी बटाटे सोलत होते, तू लसूण. मी म्हटलं, इंगेकडे दोन पलंगांची एक खोली घेतलीय, खालच्या मजल्यावर, म्हणजे जिन्याचा प्रश्नच नाही. तू म्हणालीस, 'मला माझी वेगळी खोली हवी.'

'कशाला? उगीच दुप्पट.'

'असू दे.'

'घोरशील म्हणून लाजतेस काय? मला सवय आहे, बेसमेंटमधून वरपर्यंत ऐकू येतं.'

'घोरण्याचं नाही.'

'मग? एका खोलीत रात्री गप्पा होतील की.'

तू लसणीची पाकळी हातात घेऊन थांबलीस. 'गप्पा मारायच्या तर दार ठोकून ये.'

मला ते लागलं, हे लपवत नाही. मला वाटलं, आयुष्यभर एका घरात राहून बाईला अजून माझी अडचण होते. मी म्हटलं, बघू. 'बघू' म्हणजे नाही, हे तुलाही कळतं. पुढे तो विषय तू काढला नाहीस, मीही काढला नाही. बुकिंग तसंच राहिलं. निदान मला तसं वाटत होतं.

मग छातीत दुखलं, आणि हॉस्पिटल. तो भाग मी इथे लिहीत नाही. तिथल्या प्रत्येक गोष्टीची नोंद माझ्याकडे आहे आणि त्यात तू कुठेच नाहीस. तू आहेस ती एका दुपारी. बेन कॉफी आणायला गेला होता. तू डोळे मिटून पडली होतीस, मला वाटलं झोप लागली. तर म्हणालीस, 'रोझी, ते इंगेचं रद्द करायची मुदत कधीपर्यंत आहे?'

'आहे अजून. मे जवळ येईपर्यंत.'

'मग घाई करू नकोस.'

मी म्हटलं, 'अगो, रद्द कशाला करायचं? जायचंय आपल्याला.' तू माझा हात घेतलास आणि वरून तुझा हात फिरवलास. मी त्यावरही काही बोलले नाही. फिलूबाय, मला तेव्हा बोलायला हवं होतं असं सगळे शोकसभेत म्हणतात तसं मी म्हणणार नाही. काय बोलले असते? तू माझी नणंद. आपल्यात प्रेमाचं बोलायची रीत नव्हती. रीत होती ती तुझ्या बुटांची. मी या देशात आले त्या पहिल्या विंटरमध्ये तू स्वतःचे चांगले बूट माझ्या पुढ्यात टाकलेस आणि म्हणालीस, 'मला चावतात, तू घाल.' तुला चावत नव्हते. निकोल तान्ही असताना मी कामाला लागले, तेव्हा तू कामावरून आलीस की कोट न काढता तिला माझ्या हातातून घ्यायचीस. 'जा, तुझी बस चुकेल.' इतकंच. बेनला तू वाढवलंस, इकडे बोलावून घेतलंस, मला सांभाळलंस, निकोलला उभं केलंस, आणि हे सगळं 'जा, तुझी बस चुकेल' एवढ्यात बसवलंस.

इंगेचा मेसेज आल्यानंतरच्या शनिवारी मी बेसमेंट आवरायला घेतलं. कुणीतरी करायलाच हवं होतं, आणि बेन जिन्यावर दोन पायऱ्या उतरून परत जायचा. कपडे पॅरिशला, भांडी ठेवायची, औषधं फार्मसीत परत. तुझी खोली म्हणजे काय, एका बाजूला घर तापवणारा फर्नेस, पलीकडे वॉशर-ड्रायर, कोपऱ्यात डीप फ्रीझर. निकोलला जीन्स हवी असली की ती खाली, मला मासे काढायचे असले की मी खाली, फर्नेस गुरगुरला की बेन खाली. तू पलंगावर बसून जपमाळ ओढत असायचीस. पाय वर घ्यायचीस, आम्ही जायचो, पाय खाली सोडायचीस. तुला वर जागा होती. तूच म्हणाली होतीस, 'मी उशिरा येते, कुणाची झोप नको मोडायला. मला खालीच बरं.'

विंटर टायर्स बाहेर काढायला गेले तर त्यांच्या मागे भिंतीला एक दार टेकून ठेवलेलं. मला क्षणभर कळेना, कुठलं दार? मग आठवलं. डीप फ्रीझर आणला तेव्हा तो आत जाईना, म्हणून बेनने दार बिजागऱ्यांसकट काढलं होतं. उन्हाळ्यात परत लावू, असं ठरलं. मग तू पडदा शिवलास. निळा, कडेला पांढरी पट्टी. इतका सुबक होता की पुढे कुणालाच दाराची आठवण झाली नाही.

मी त्या टायरवरच बसले. दार ठोकून ये, तू म्हणाली होतीस. फिलूबाय, तुझ्या खोलीला ठोकायला दारच नव्हतं.

लहानपणी वसईत सगळी भावंडं एका खोलीत. इथे आल्यावर सुरुवातीला चार बायकांत भाड्याची एक. मग पडदा. तू कधी कुरकुर केली नाहीस, म्हणून आम्ही समजलो, हिला चालतं. तुला चालत होतंच. पण परदेशात, अनोळखी गावात, स्वस्तातल्या का होईना, एका खोलीच्या दारावर कुणीतरी ठोकावं, आणि तू आतून म्हणावंस, 'ये.' तेवढं तुला हवं होतं. टॉवेलवालीही हवी होती, ते खोटं नव्हतं. पण हेही होतं.

मी वर जाऊन निकोलला दोन खोल्यांचं विचारलं. ती खाली बघायला लागली. 'आत्याने मला टाइप करायला सांगितलं होतं. टू रूम्स. वन अपस्टेअर्स. शी सेड, डोन्ट टेल युअर मॉम, मीच सांगेन विमानात. शी वॉन्टेड टु सी युअर फेस.' आणि मग रडायला लागली. मीही.

विमानात! तिथे मला तक्ता फेकता आला नसता, खिडकीतून उतरता आलं नसतं, हे हेरूनच तू ठरवलं असणार. माझा चेहरा तुला बघायला मिळाला नाही. मला तुझा बघायला मिळाला नाही.

संध्याकाळी जेवताना मी ब्राझीलचा विषय काढला. बेन म्हणाला, 'सगळंच रद्द कर. जिच्यासाठी जायचं तीच नाही.' त्याचं चूक नाही. मी अजून मुदतीत होते. एक बटण दाबायचं होतं. फोन हातात घेतला, ते पानही उघडलं. तू म्हणाली होतीस, घाई करू नकोस. मी कधी कुणाचं ऐकते का? पण ऐकलं. पान बंद केलं आणि बेनला म्हटलं, 'तू चल माझ्याबरोबर.'

तो बराच वेळ भात चिवडत बसला. मग म्हणाला, 'आणि ती दुसरी खोली? तेवढी तरी सोडून दे. माणसं आपण दोन.'

'ती बायची आहे.'

'रोझी, रिकाम्या खोलीचे पैसे? तू?'

'हो. मी.'

तो जेवण झाल्यावर ड्रिल घेऊन खाली गेला. निकोल म्हणाली, 'डॅड, व्हॉट आर यू डुइंग?' तो सगळ्या पायऱ्या उतरला. खालून बराच वेळ ड्रिलचा आवाज येत होता. दार आता लावलेलं आहे, फिलूबाय. फ्रीझर आतच राहिलाय, तो आता बाहेर निघायचा नाही. निकोल जीन्स आणायला गेली की दारापाशी थांबते. आम्ही सगळेच थांबतो.

मग मी इंगेला लिहिलं. निकोलच्या मदतीने, साध्या चार वाक्यांत. डोना फिलोमेना गेली. मी आणि तिचा भाऊ येतोय. खालची खोली आम्हाला. वरची तिच्या नावाने राहू द्या, बिछाना नेहमीसारखा घाला, भाडं मी देईन. इतकं लिहून मी वाट बघत बसले. मला वाटलं, बाई मला वेडी समजेल.

तिचा मेसेज सकाळी आला. आवाज घोगरा होता. निकोलने ट्रान्सलेट करून सांगितलं ते असं: तुझं हसणं तिला फार आवडायचं, या गावात प्रत्येक घरात कोणी ना कोणी टॉवेलांच्या कारखान्यात काम केलेलं आहे, आणि आम्ही आलो की ती आम्हाला ओळखीच्या म्हाताऱ्या बायकांकडे घेऊन जाईल. मेसेजच्या शेवटी ती थांबली आणि मला कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलली. चावी. तुवाल. साबण. पाव. त्यासाठी ट्रान्सलेटर लागला नाही.

तर आता असं आहे. ई-व्हिसा आमचे दोघांचे आले. बेनचा गुडघाही तुझ्यासारखाच निघालाय, म्हणून खालची खोली बरी. तू इंगेला न्यायचा म्हणत होतीस तो बाटलीत ठासून भरलेला तुझा मसाला मी सुटकेसमध्ये ठेवलाय. कस्टम्सवाले उघडतील, मी तुला शंभरदा सांगितलं होतं, उघडू देत. एक टॉवेल घेतलाय, तुझ्या कपाटातला, घडी न मोडता. त्या म्हाताऱ्या बायकांना दाखवायचाय.

पोचलो की मी आधी बेनला खाली बसवीन. इंगेकडून वरची चावी घेईन. जिना चढेन. चावी हातात असेल, पण लावायच्या आधी मी दार ठोकीन, आणि थोडा वेळ थांबेन.